मधल्या रांगेचा ब्लॅक बेल्ट

लिफ्टमध्ये माणसानं तोंड उघडू नये, असं नामगुंगसाहेबांचं आयुष्यभराचं मत होतं. लिफ्टमध्ये बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत प्रत्येक मजल्यावर उतरते आणि उतरताना प्रत्येक मजल्यावर चार घास खाऊन थोडी जाड होते. हे सगळं कळत असूनही नोव्हेंबरातल्या एका दुपारी, तळमजल्यावरून पाचव्या मजल्यावर जाण्याच्या तेवढ्याशा वेळात, ते बोलून गेले आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर त्यांची आठ वर्षांची नात दाओन होती. तायक्वांदोचा वर्ग सुटून ती नुकतीच मास्तरांच्या पिवळ्या व्हॅनमधून उतरली होती आणि तिनं जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली होती, कारण आत पांढरा बेल्ट होता. तिच्याबरोबर सुरुवात केलेली पोरं पिवळ्यावरून हिरव्यावर चालली होती. शेजारी सातव्या मजल्यावरच्या गारामची आजी उभी होती. या बाई सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, आणि लिफ्टमध्येसुद्धा सभेला संबोधित करावं तशा बोलायच्या. त्यांच्या पोटाला टेकून त्यांचा नातू गाराम भाजलेलं रताळं खात होता.

"प्यो मास्तर म्हणाले, चार पोरं मागे पडलीत," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आमचा गाराम, नवव्या मजल्यावरच्या त्या दोघी जुळ्या आणि तुमची दाओन. यांना पूमसे येत नाही म्हणे. शनिवारी आठ दिवसांनी परीक्षा. घरी कुणीतरी करून घ्या म्हणतात. आता घरी कोण करून घेणार, मी? माझे गुडघे जिन्याला घाबरतात. आणि तुमच्या दाओनची तर ही दुसरी खेप ना?"

दाओननं हनुवटी चेनच्या आत घातली.

वॉन्जू शहरात यलो बेल्टच्या परीक्षेत नापास होणं म्हणजे बालवाडीत नापास होणं. तसं कुणी होतच नाही. पोरगं पांढऱ्या पोशाखात उभं राहिलं, दोन ठोसे मारले, ओरडलं, की पिवळा बेल्ट बांधून घरी पाठवायचं, अशी रीत. पण दाओन गेल्या खेपेला मॅटवर गेली आणि स्वतःच्या पायांकडे बघत दगडासारखी उभी राहिली ती राहिलीच. प्यो मास्तर मनानं मऊ होते, पण उभं राहण्याला काय मार्क देणार? घरी येऊन तिनं आईला शांतपणे सांगितलं की पुढच्या वेळी नाही मिळाला तर मी परत कधी तिथं जाणार नाही. ओरडून सांगितलं असतं तर नामगुंगसाहेबांना इतकं लागलं नसतं.

"माझा ब्लॅक बेल्ट आहे," ते म्हणाले. "सैन्यातला. मी घेतो करून चौघांचं."

गारामचं रताळं तोंडाशीच थांबलं. सातव्या मजल्याचं बटण दाबलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर अध्यक्षीणबाई पाचव्यावरच उतरल्या असत्या.

आता, हे खोटं होतं का? मुळीच नाही. प्रमाणपत्र कपाटात होतं. साहेबांच्या तरुणपणी देशातल्या प्रत्येक धडधाकट पोराला सैन्यात जावं लागे, अजूनही लागतं, आणि आपल्या तुकडीत किती ब्लॅक बेल्ट आहेत हे प्रत्येक कप्तानाला वर कळवावं लागे. मग कप्तान ते तयार करत. तुकडीच्या तुकडी मैदानात उभी करायची, पूमसे करून घ्यायचा आणि सगळ्यांना एकदम ब्लॅक बेल्ट द्यायचा. पूमसे म्हणजे ठरलेल्या हालचालींची माळ. डावीकडे वळा, हात खाली आणून अडवा, पाऊल टाका, ठोसा मारा, गर्रकन मागे फिरा, पुन्हा तेच. यातली गोम अशी की माणसाला तोंड सगळीकडे फिरवावं लागतं. पुढच्या रांगेतला फिरला की तो मागच्या रांगेत जातो. कडेला उभा असलेला कधी ना कधी उघडा पडतोच. फक्त जो बरोबर मध्यभागी उभा असतो, त्याच्या पुढे, त्यानं कुठंही तोंड केलं तरी, कुणीतरी असतंच. त्या कुणीतरीकडे बघून अर्ध्या क्षणानं हात हलवला की झालं.

हा शोध नामगुंगसाहेबांना विसाव्या वर्षी लागला आणि त्याच्यावर त्यांनी आख्खं आयुष्य काढलं. महापालिकेच्या पाणी खात्यात त्यांचं टेबल खोलीच्या मधोमध होतं. सहलीच्या फोटोत ते मधल्या रांगेत असत. ऑफिसच्या जेवणात म्हातारे साहेब एका टोकाला आणि नवी पोरं दुसऱ्या टोकाला, हे मधे, मासा बरोबर समोर येतो तिथं. त्यांना कधी मोठी बढती मिळाली नाही आणि कधी कुणी झापलंही नाही. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात वरिष्ठांना त्यांच्याबद्दल काही विशेष आठवेना, आणि साहेबांना तो आपला सन्मानच वाटला.

झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ती त्यांनी लिफ्टमध्ये उघडली होती.

"पण तुम्हाला येतं का?" दाओनच्या आजीनं घरी विचारलं. त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याचा पाय तिनं मोजे घालण्यापुरताच उचललेला पाहिला होता. तोही बसून.

"येत नसताना ब्लॅक बेल्ट देतात का?"

"मी विचारलं तर तुम्ही उलट मलाच विचारताय. म्हणजे येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये सल्ले सुरू झाले. अकराव्या मजल्यावरच्या बाईंनी गुडघ्याला बांधायला कसली तरी पानं आणून दिली. एकानं सांगितलं, ठोसे नंतर, आधी शिस्त. दुसऱ्यानं सांगितलं, शिस्त नंतर, आधी खायला द्या. आणि गंमत म्हणजे जो पुरुष भेटे त्याच्याकडे सैन्यातला ब्लॅक बेल्ट निघे. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्याचा होता, रखवालदाराचा होता, कुरियरवाल्याचासुद्धा होता. साहेबांनी प्रत्येकाला सहज म्हणून विचारलं, "ते मागे फिरल्यावर पुढं काय हो?" तर प्रत्येकाला एकदम कंबर आठवली किंवा फोन आला. सगळेच्या सगळे मध्यभागी कसे उभे असतील, हे कोडं साहेबांना काही केल्या सुटेना.

पहिला वर्ग दिवाणखान्यात भरला. सोफा भिंतीला लावला. गाराम, दाओन आणि बोम व गाउल या जुळ्या बहिणी अशी चौघं रांगेत उभी राहिली. या जुळ्यांमधली एक डावखुरी होती, त्यामुळे 'वळा' म्हटलं की एक इकडे वळे, दुसरी तिकडे, आणि दोघी एकमेकींवर आदळून आपलंच कसं बरोबर हे सांगत बसत. साहेबांनी सैन्यातला आवाज काढला. चौघांनी एकदम पाय आपटला. त्याच क्षणी भिंतीवरचा इंटरकॉम वाजला.

खालच्या घरातल्या बाई होत्या. इमारतीत कुणाचं नाव कुणी घेत नाही, घराच्या नंबरानं बोलतात, म्हणून त्या 'चारशे तीन'.

"पाचशे तीन ना?" चारशे तीन म्हणाल्या. "आमच्या मुलाचं सरकारी परीक्षेचं तिसरं वर्ष आहे, माहीत आहे ना तुम्हाला? आत्ता जी लाथ मारलीत, त्यात त्याचं राज्यघटनेचं आख्खं कलम गेलं."

साहेब नासपतींची पेटी घेऊन माफी मागायला खाली गेले. बाईंनी पेटी घेतली, माफी घेतली नाही. संध्याकाळी प्रत्येक घराच्या छतातल्या स्पीकरवरून सोसायटीच्या ऑफिसची गोड आवाजातली सूचना आली. काही घरांमध्ये युद्धकलेचा सराव होत असल्याचं निदर्शनास आलं आहे, विशेषतः पाचव्या मजल्यावर, तरी संबंधित ज्येष्ठ रहिवाशांनी लहान मुलांसमोर आदर्श ठेवावा.

"नाव नाही घेतलं हो," दाओनची आजी भांडी विसळत म्हणाली.

"घ्यायचं काय बाकी ठेवलंय?"

ऑफिसातल्या व्यवस्थापकानं मात्र तोडगा काढला. तळमजल्यावरची ज्येष्ठांची खोली सकाळी निम्मी रिकामी असते, तिथं विचारा म्हणाला. साहेब पोरांना घेऊन तिथं गेले. आत ऊबदार फरशीवर पाच-सहा म्हाताऱ्या मांडी घालून ह्वाटूचे पत्ते कुटत होत्या. खोलीच्या प्रमुख आजी सत्त्याऐंशीच्या. त्यांनी हातातला पत्ता न टाकता विचारलं, "वय काय?"

"पोरांचं? आठ."

"पोरांचं नाही. पोरं पाहुणी म्हणून चालतात. तुमचं?"

"त्रेसष्ट."

"इथं पासष्टच्या वरचे बसतात," आजी म्हणाल्या. "नियम आहे. अजून दोन वर्षांनी ये, बाळा."

पाणी खात्यानं म्हातारा म्हणून घरी पाठवलेला माणूस, आणि म्हाताऱ्यांनी पोरगा म्हणून हाकललेला. दारातून बाहेर पडताना मागून आवाज आला, "चेहऱ्यावरून सत्तरचा वाटतो." दुसरी म्हणाली, "ब्लॅक बेल्ट आहे म्हणे." मग बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला. साहेबांनी पोरांना सांगितलं की खेळाडूनं अपमान गिळायला शिकलं पाहिजे. गारामनं विचारलं, "तुम्ही गिळलात का?" साहेब म्हणाले, "चाललंय."

राहिलं आवारातलं छप्पर. पण नोव्हेंबर हा किमचीचा महिना. महिला मंडळानं त्या दिवशी ज्येष्ठांसाठी किमची घालायचा बेत ठेवला होता आणि छपराखाली कोबीचा डोंगर रचला होता. बाजूला मिठाच्या पाण्यात भिजत घातलेल्या कोबीची लाल टबं. रबरी हातमोजे घातलेल्या दहा-बारा बायका तिखट मिसळत, एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत बसल्या होत्या. एक कोपरा मिळाला. थंडी इतकी होती की पोरं न सांगता उड्या मारत होती, आणि हा त्यांच्यात आलेला उत्साह आहे असा साहेबांचा समज झाला.

"समोरची लाथ," साहेब ओरडले.

बोमची लाथ समोर गेली. गाउलची समोर गेली नाही, कारण गाउल वळली होती. लाल टब कलंडलं, खारट पाणी अध्यक्षीणबाईंच्या बुटात शिरलं आणि कोबीचे अर्धे गड्डे उतारावरून गाड्यांकडे निघाले. गाराम त्यांच्यामागे धावला. सगळ्या आठवड्यात त्यानं मनापासून केलेला तेवढाच व्यायाम.

अध्यक्षीणबाईंनी बूट काढून उलटा केला. "साहेब," त्या म्हणाल्या, "पोरांना शिकवायचं होतं. कोबीला येतं सगळं."

परीक्षा जवळ येत होती. साहेबांचा माल संपला होता हे कबूल करायला हवं. डावीकडे वळा, अडवा, ठोसा, मागे फिरा, इथपर्यंत त्यांना पाठ होतं. पुढं धुकं. प्यो मास्तरांना विचारायला गेले, तर मास्तर व्हॅन चालवत होते, एका पोराचा वाढदिवस साजरा करत होते आणि दोरीउड्यांचा वर्ग घेत होते, हे सगळं एकाच तासात. "साहेब, तुम्ही आहात म्हणून मला चिंता नाही," ते काच खाली करून म्हणाले आणि गेले.

शेवटी रखवालदारानं तळघरातल्या पार्किंगचा एक कोपरा दिला. संध्याकाळी गाड्या परत येईपर्यंत. सैन्यातल्या आवाजानं तिथं एकदम दोन गाड्यांचे भोंगे सुरू झाले, म्हणून साहेब कुजबुजून हुकूम देऊ लागले. आणि तिथं, त्या गार तळघरात, त्यांना आपला जुना शोध आठवला.

"चौघं चार कोपऱ्यांत," ते कुजबुजले. "मी मध्ये."

चमत्कार झाला. सुरुवात गारामला चांगली यायची, कारण सुरुवातीला तो ताजातवाना असायचा. वळणं बोम आणि गाउलला यायची, फक्त दिशा सोडून, आणि दोघींमधली एक नेहमी बरोबर असायचीच. शेवट दाओनला यायचा. शेवटचा लांब पाऊल टाकून ठोसा आणि आरोळी तिची इतकी सुरेख असायची की साहेब क्षणभर विसरत, आपण शिकवतोय की बघतोय. ज्याला येईल तो हलायचा, बाकीचे त्याच्याकडे बघून अर्ध्या क्षणात हलायचे, आणि मध्ये उभे राहून साहेब चौघांकडे बघून हलायचे. पाचजणांत मिळून एक पूमसे तयार झाला. कपडे धुवायची पावडर घेऊन आलेल्या अध्यक्षीणबाई गाडीमागून हे पाहत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काय सांगू," त्यांनी लिफ्टमध्ये सांगितलं. "एका अंगानं हलतात पाचही."

साहेब अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले. त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं की शिकवणं ही वेगळीच विद्या आहे. दाओन मात्र भात चिवडत म्हणाली, "आजोबा, परीक्षेत तुम्ही मध्ये असणार का?"

"नाही गं. पण तुम्ही चौघं असाल ना."

दाओननं भाताची वाटी बाजूला सारली. मुलांना काय कळतं ते मोठ्यांना उशिरा कळतं.

शनिवारी औषधांच्या दुकानाच्या वर, मास्तरांच्या वर्गाच्या मोठ्या खोलीत निळ्या मॅटच्या कडेनं आईबाप खुर्च्यांवर बसले होते. प्रत्येकाच्या हातात फोन. नामगुंगसाहेब मधल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. बायको त्यांच्या उजवीकडे, मुलगी डावीकडे, पुढे अध्यक्षीणबाईंची भक्कम पाठ. सगळीकडून झाकलेलं. प्यो मास्तरांनी वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "पालकांची मागणी होती की व्हिडिओत आपलंच मूल नीट दिसावं. म्हणून यंदा पोरं एकेक येतील."

साहेब खुर्चीच्या कडेला सरकले.

गाराम आला. त्यानं सुरुवात दणक्यात केली, ती संपल्यावर पुन्हा सुरुवात केली, आणि तिसऱ्यांदा सुरुवात करून मोठ्यानं ओरडला. मास्तरांनी डोळे मिटून पास केलं. बोम आणि गाउलनं आम्ही एकेक येणारच नाही म्हणून हात धरून ठेवले, म्हणून त्यांना जोडीनं सोडलं. एक डावीकडे, एक उजवीकडे, आरशातल्यासारख्या, आणि तसंच ठरलंय असं समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग दाओन आली.

ती मॅटच्या मधोमध उभी राहिली. वाकली. आणि तिनं डोळ्यांनी आपले चार कोपरे शोधले. चारही रिकामे होते. तिची नजर खाली आली, स्वतःच्या पायांवर. खोलीत फोनचे बारीक आवाज तेवढे येत होते. मास्तर थांबले. आणखी थांबले. मास्तरांचा हात कपाळाकडे जाताना साहेबांनी पाहिला, आणि शेजारी त्यांच्या मुलीनं फोन खाली केला. पोरीची ती खाली गेलेली मान त्यांना बघवेना.

ते उठले. "बसा हो," बायको म्हणाली, पण तोवर त्यांनी चपला काढल्या होत्या. मोज्यांनी मॅटवर जाऊन ते दाओनच्या पुढे, तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्यापुढे आता कुणी नव्हतं. नुसते आईबाप आणि त्यांचे फोन. आयुष्यात पहिल्यांदा ते अशा जागी उभे होते.

त्यांनी उजवा हात खाली आणला.

"डावा," मागून कुजबुज आली.

त्यांनी डावा आणला. पाऊल टाकलं, ठोसा मारला, मागे फिरले. आता दाओन पुढे आणि तिच्यापलीकडे खिडकी. पुढं धुकं होतं. त्यांनी आपलं काहीतरी म्हणून पाय उचलला.

"आजोबा, लाथ नाही. अडवा आधी," ती म्हणाली, आणि कसं अडवायचं ते तिनं करून दाखवलं. "असं. आता ठोसा. आता माझ्याकडे वळा. उजव्या हाताचं झालं, आता डावा. नाही, तो डावा." तिचा आवाज मोठा होत गेला. आजोबा ठेचकाळत होते, ती दुरुस्त करत होती, आणि दुरुस्त करायच्या नादात तिचे स्वतःचे हातपाय जिथल्या तिथं पडत होते. चारशे तीन बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात एकदा ती म्हणाली, "आजोबा, लक्ष कुठंय?" लोक हसत होते. साहेबांना ऐकू येत होतं, पण त्यांना तेव्हा पुढचं पाऊल हवं होतं, बाकी काही नको होतं.

शेवट आला. तो तिचाच होता. तिनं लांब पाऊल टाकलं, ठोसा मारला आणि अशी आरोळी ठोकली की अध्यक्षीणबाईंच्या मांडीवरची पर्स खाली पडली. साहेब अर्ध्या क्षणानं ओरडले, बारीकसे.

मास्तरांनी तिच्या कमरेला पिवळा बेल्ट बांधला. घरी जाताना दाओननं जॅकेट घातलंच नाही, हातात धरलं. थंडीनं तिचे दात वाजत होते. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा बँकवाला भेटला; परीक्षेचा व्हिडिओ त्याच्या फोनवर आधीच पोचला होता. त्यानं साहेबांकडे बघितलं, साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, आणि ब्लॅक बेल्टचा विषय त्या इमारतीतून कायमचा संपला.

प्यो मास्तरांनी मात्र निघताना साहेबांना बाजूला घेतलं होतं. "सोमवारी पाच वाजता नवशिक्यांचा वर्ग असतो," ते फार अदबीनं म्हणाले. दाओननं आपला सुटलेला पांढरा बेल्ट लगेच पुढं केला होता. तो साहेबांच्या पोटाला अर्ध्यापर्यंतच पोचला, म्हणून मास्तरांनी कपाटातून मोठ्या मापाचा काढून दिला.

सोमवारी साहेब गेले. बायको म्हणाली, "लोक हसतील." ते म्हणाले, "हसून झालंय त्यांचं."

वर्गात उभं राहायची जागा बेल्टाप्रमाणे ठरलेली असते. मोठे पुढे, पिवळे मागच्या रांगेत, आणि सगळ्यात नवा तो अगदी शेवटी, कोपऱ्यात. सुरुवातीला साहेबांच्या पुढे सगळा वर्ग होता आणि त्यांना जरा बरं वाटलं. मग मास्तर म्हणाले, "मागे फिरा." सगळे फिरले. साहेबांच्या पुढे फक्त भिंत उरली, दोरीउड्यांच्या दोऱ्या टांगलेली. आख्खा वर्ग त्यांच्या पाठीमागे उभा राहून वाट बघत होता.

"डावा, आजोबा," मागून आवाज आला.

"माहीत आहे," नामगुंगसाहेब म्हणाले, आणि त्यांनी डावा हात खाली आणला.